बेडकाचं खोकं

"बेडूक दे गं," शिलाई मशिनीवरून मान वर न करता मास्तर म्हणाले.

त्यांच्या बायकोने, सगळ्यांच्या मावशींनी, फळीवरून एक खोकं काढून त्यांच्या हाताशी ठेवलं.

"आणि राक्षसही काढून ठेव. दुपारी लागेल."

दारातून आत येणारी सिस्टर तिथेच थबकली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ती नव्यानेच लागली होती. तिला मिळालेला पांढरा कोट बाह्यांत लांब होत होता आणि त्याची बटणंही गेली होती.

"काय लागेल म्हणालात?"

"राक्षस," मास्तर म्हणाले. "तुम्हाला नाही हो. त्या काळ्या ओव्हरकोटाला."

मावशींना हसू आवरलं नाही. त्यांनी सिस्टरला खुर्ची दिली आणि खोकं तिच्यासमोर धरलं. जाड पुठ्ठ्याचं, चकचकीत खोकं. वर छत्री धरून पानावर बसलेला हिरवा बेडूक. आत चार भोकांची पांढरी बटणं.

"हा बेडूक. त्या वरच्या एका डोळ्याच्या राक्षसात कोटाची मोठी काळी बटणं. लाल गाडीत चेन. राजकन्येकडे हुक. चंद्रावर टिचबटणं. आमच्या लेकीच्या लहानपणच्या व्हिडिओ गेमची खोकी आहेत ही."

"मग त्यांच्यावर सरळ नावं लिहायची ना."

"लिहिली असती. पण तेव्हा मला वाचता कुठे येत होतं? आणि आता येतंय, तर आता बेडकाला घराबाहेर कोण काढणार?"

सिस्टर हसली. मास्तरांनी उठून तिच्या हाताचं माप घेतलं, मनगटाजवळ खडूची रेघ मारली आणि कोट खुंटीला लावला. माप घेताना त्यांचा हात पूर्वीसारखाच हलका होता. मशिनीशी परत बसल्यावर त्यांनी कोटाकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कोट कुणाचा गं?"

"सिस्टरांचा. ह्या काय बसल्यात."

"हो का? या, या. बसा."

थोड्या वेळाने त्यांनी तेच विचारलं. मावशींनीही तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात, जणू पहिल्यांदाच देताहेत. सिस्टरने दोघांकडे पाहिलं. निघताना ती मावशींना दाराबाहेर घेऊन गेली.

"कधीपासून आहे असं?"

"कसं?" मावशी म्हणाल्या. मग त्यांनाच ते बरं वाटलं नाही. "झाला काही काळ. बाहेर गेले की घर सापडत नाही. नावं जातात. पण मशिनीवर बसले, समोर ही फळी असली, की मास्तर मास्तरच असतात. एक टाका इकडचा तिकडे होत नाही."

"लेकीला माहीत आहे?"

"फोनवर बाबा तिच्याशी छान बोलतात."

"मी ते नाही विचारलं."

"सांगेन हो," मावशी म्हणाल्या. "येतेच आहे ती सुट्टीला."

पुढची खोली म्हणजेच दुकान होतं. खिडकीशी दोन शिलाई मशिनी, मधे कापायचं टेबल, भिंतीला कपड्यांची खुंटाळी आणि मास्तरांच्या उजव्या हाताला ती फळी. लेक लहान असताना मास्तरांनी जुन्या बाजारातून टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणलं होतं. मग हंगाम चांगला गेला की एखादा गेम. गेम म्हणजे एक जाड काळी कॅसेट. यंत्रात खुपसायची आणि खेळत बसायचं. शेजारची पोरं खोकं फाडूनच कॅसेट बाहेर काढायची. मास्तरांच्या घरात खोकं फाडायला बंदी होती. "एवढा चांगला पुठ्ठा फेकायचा म्हणजे काय!" असं म्हणत त्यांनी कॅसेटी पत्र्याच्या एका डब्यात टाकल्या आणि खोकी आपल्या फळीवर मांडली. शिंप्याला कुठलीही गोष्ट उघडी ठेववत नाही. गिऱ्हाइकांच्या कोटांतून उरलेले अस्तराचे तुकडे कापून, कडा दुमडून त्यांनी प्रत्येक खोक्याला आतून अस्तर घातलं, हुकांनी आणि टाचण्यांनी पुठ्ठा खरवडू नये म्हणून. खेळाच्या यंत्रालाही कडेला गोट लावलेली खोळ शिवली. लेक म्हणायची, "बाबा, आपल्या टीव्हीला पँट कधी शिवताय?"

लेक मोठी झाली. परगावी चष्म्याच्या कारखान्यात काचा तपासायच्या कामाला लागली. खोळ घातलेलं यंत्र कपाटावर गेलं, कॅसेटींचा डबा खाटेखाली गेला. खोकी मात्र कामाला लागली ती लागलीच.

लेक आली आणि घरात आवाज आला. तिने आल्याआल्या खिडकीच्या काचा पुसल्या, मशिनींना तेल दिलं आणि बाबांच्या गुडघ्याला हात लावून बघितला. पायाने मशीन मारून मारून तो सुजला होता.

"दोन्ही मशिनींना मोटर बसवून टाकू," ती म्हणाली.

"मोटर पळते," मास्तर म्हणाले. "मला चालायला आवडतं."

रात्री भांडी घासताना तिने आईजवळ विषय काढला. "आई, माझ्या त्या कॅसेटी विकू का? त्यातून मोटर सहज येईल."

"त्या जुनेरांना कोण विचारतंय?"

"तसं नाहीये. नवा गेम घेतला की वर्ष सरायच्या आत त्याचा भाव निम्मा होतो. ह्या जुन्यांचा उतरतच नाही. इथे पेठेत एक गेमवाला बसतो, तो फक्त जुनेच घेतो आणि जुनेच विकतो."

"वीक की मग. तुझ्याच आहेत." मावशींनी कढई पालथी घातली. "पण पत्र्याचा डबा परत आण हं. त्याचं झाकण घट्ट बसतं."

डब्याचं त्यांना सुचलं. खोक्यांचं सुचलं नाही. त्यांच्या लेखी खोकी कधीच गेमची राहिली नव्हती. ती दुकानाची होती, कात्रीसारखी, इस्त्रीसारखी.

लेक दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पेठेत गेली आणि विचार करत परत आली. मावशींनी काही विचारलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. सिस्टरने मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरची वेळ घेऊन दिली होती. लेकीला त्यांनी एवढंच सांगितलं, "बाबांचे डोळे दाखवून येते. वेळ लागेल, तू जेवून घे."

वेळ लागलाच. डॉक्टरने मास्तरांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मास्तरांनी सुरेख गोल काढला, कंपास लावल्यासारखा, आणि आत एकही आकडा घातला नाही. "आकडे गिऱ्हाईक घालेल," ते म्हणाले. डॉक्टर हसला. मावशीही हसल्या. औषधं लिहून देताना डॉक्टरने एकच गोष्ट निक्षून सांगितली, की ते करतात ते काम चालू राहू द्या आणि त्यांच्या आसपास शक्यतो काही हलवू नका.

घरी आल्या तेव्हा लेक दारातच उभी होती, तोंडभर हसत. "आई, डोळे मीट आधी."

"चल, काहीतरीच."

"मीट तर!"

मावशींनी डोळे मिटले, उघडले आणि फळीकडे पाहिलं.

फळी लखलखत होती. एकाच उंचीच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरण्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीवर छापलेली पांढरी पट्टी. मावशींनी सवयीप्रमाणे अक्षरांवरून नजर फिरवली. पां-ढ-री ब-ट-णं. को-टा-ची ब-ट-णं. हु-क. सगळं स्पष्ट, स्वच्छ. क्षणभर त्यांना खरंच छान वाटलं. आपल्याला वाचता येतं म्हणून लेकीने पट्ट्या लावल्या, हेही त्यांच्या लक्षात आलं.

"खोकी कुठायत?"

"हीच तर गंमत!" लेक म्हणाली. "गेमवाल्याने कॅसेटी बघितल्या आणि पहिला प्रश्न काय विचारला? खोकी आहेत का? म्हणाला, नुसत्या कॅसेटी खूप मिळतात, खोकं कुणाकडेच उरत नाही. खोक्यासकट असेल तर तिप्पट-चौपट. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे सगळी आहेत! त्याचा विश्वासच बसेना. आज नेऊन दिली. मोटर तर येईलच, वर बाबांना चांगली खुर्चीपण येईल. आणि आता काय हवं ते बाहेरूनच दिसतं, बघ!"

मास्तर तोवर मशिनीवर बसले होते. खुंटीवरचा कोट त्यांनी मांडीवर घेतला, बाही उलटी करून पाहिली, सुईत दोरा ओवला.

"बेडूक दे गं," ते म्हणाले.

कुणीच काही दिलं नाही.

मास्तरांनी उजवा हात लांब केला. जिथे बेडूक असायचा तिथे त्यांची बोटं बरणीला लागली आणि चटका बसल्यासारखी मागे आली. ते उठले. फळीसमोर उभे राहून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एक बरणी उघडली, आत पाहिलं, झाकण लावलं. दुसरी उघडली. मग कोटाची नीट घडी घातली, मशिनीवर ठेवली आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर येऊन बसले. हात गुडघ्यांवर ठेवले.

"मास्तर बाहेर गेलेत वाटतं," ते मावशींना म्हणाले. "येतील ना इतक्यात? मी थांबतो."

लेकीचं हसू तसंच तोंडावर राहून गेलं.

"येतील," मावशी म्हणाल्या. "बसा तुम्ही. चहा घेणार ना?"

"कशाला उगीच त्रास."

"त्रास कसला. दुकानात आलेल्या माणसाला आम्ही तसंच पाठवत नाही."

आत गेल्यावर त्यांनी गॅस पेटवला. लेक मागोमाग आली. "आई, हे काय होतं? बाबा थट्टा करत होते ना?"

"डोळे दाखवायला नव्हतो गेलो आम्ही."

पाणी उकळेपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. रस्ता चुकलेले मास्तर, जेवलोच नाही म्हणणारे मास्तर, शेजाऱ्याला आपला भाऊ समजणारे मास्तर. लेक ओट्याला टेकून ऐकत राहिली.

"मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून आली असतीस."

"आलेच असते!"

"म्हणूनच." मावशींनी साखर घातली. "आणि खरं सांगू का, आमचं बरं चाललं होतं गं. सकाळी ते मशिनीवर बसले की संध्याकाळपर्यंत माझा नवरा माझ्यासमोर असायचा. ते बेडूक म्हणायचे, मी बेडूक द्यायची. त्यांना ती फळी पाठ आहे. बाकीचं सगळं उसवत गेलं, फळी तेवढी शिवलेली राहिली."

लेकीने ओढणीने डोळे पुसले. "मी सगळी परत आणते. आत्ता जाते."

"आत्ता दुकान बंद झालं असेल. सकाळी दोघी जाऊ. आणि रडू नकोस, बरण्या चांगल्या आहेत. मसाल्याला होतील."

सकाळी सिस्टर कोट बघायला आली. आज तिला सुट्टी होती. मास्तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले होते, केस विंचरून, बाहेर जायचा सदरा घालून. मावशींनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"तुम्ही या जाऊन, मी बसते," सिस्टर म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढून बसली.

"तुमचं पण काम राहिलंय का?" मास्तरांनी तिला विचारलं.

"हो ना. कोट दिलाय."

"मिळेल हो. मास्तरांचा हात चांगला आहे," मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. "पण वेळ फार लावतात."

गेमवाल्याचं दुकान अरुंद होतं, पण आत शिरल्यावर दागिन्यांच्या दुकानात आल्यासारखं वाटत होतं. दोन्हीकडे काचेची कपाटं, आत छोटे दिवे आणि दिव्यांखाली खोकी. गेमवाला जाड चष्म्याचा, मधल्या वयाचा, सुती हातमोजे घातलेला माणूस होता. त्याच्यासमोर टेबलावर बेडूक उताणा पडला होता आणि तो मऊ ब्रशने त्याची धूळ काढत होता.

लेकीने भराभर सांगून टाकलं. तो ऐकून घेत होता. मग त्याने हातमोजे काढले.

"बसा काकू," तो म्हणाला. "म्हणजे हे अस्तर त्यांनी घातलेलं. मी काल रात्री घरी बायकोला दाखवलं. म्हटलं, इतकी वर्षं हा धंदा करतोय, अस्तर घातलेलं खोकं पहिल्यांदा बघतोय. त्याच्यामुळेच कडा उभ्या राहिल्यात. नाहीतर खोकी आतून खचतात."

"एका खोक्याला एवढं मोल कशाला हो?" मावशींनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नवा गेम घेतला ना काकू, तर अर्धाच तुमच्या हातात येतो. बाकीचा इंटरनेटवरून येतो. उद्या कंपनीला वाटलं तर बंद. दुसऱ्याला देता येत नाही, विकताही येत नाही. ह्या कॅसेटीत जे आहे ते सगळं आतच आहे. कुणाला विचारावं लागत नाही. खुपसली की चालू. आणि आता नव्या कुणी बनवत नाही. आहेत त्यातल्या रोज थोड्या कचऱ्यात जातात. लहानपणी ज्यांना मिळाल्या नाहीत, ती पोरं आता कमावती झालीत. मग भाव उतरेल कसा?"

"ते कॅसेटीचं झालं."

"खोकं तर त्याहून कमी राहिलं. पोरांनी फाडलं नाही तर आयांनी झाडताना फेकलं. आयांनी फेकलेल्या खोक्यांवर माझं दुकान चालतं म्हणा ना."

"आणि माझ्यासारखीने न फेकलेल्यांवर?"

"त्याच्यावर घर चालतं." तो हसला. मग त्याने बेडूक उचलून दिव्याखाली धरला. "ह्याला एकच खोट आहे. हा कोपरा बघा. बाकी कुठे नाही, फक्त इथे खळगा पडलाय. पडून झालेला नाही, आदळूनही नाही. मी काल कितीदा बोट लावून बघितलं. कशाने झालाय ते कळेना."

मावशींनी न बघताच सांगितलं. "अंगठ्याने. उघडताना तिथे अंगठा टेकतात ते. दिवसातून कितीदा तरी."

गेमवाल्याने आपला अंगठा त्या खळग्यावर ठेवला. तो थोडा मोठा होता, तरी बसला. त्याने लगेच उचलून घेतला.

"घेऊन जा काकू," तो म्हणाला. "पैशांचं नंतर बघू. एका गिऱ्हाइकाला बेडूक दाखवतो म्हणून कळवलं होतं, त्याला सांगतो काहीतरी. लहानपणापासून शोधतोय बिचारा, अजून थोडं शोधेल."

लेक खोकी उचलायला पुढे झाली. मावशी मात्र तशाच बसून राहिल्या. त्यांची नजर वरच्या कपाटावर होती. तिथे एकाच चित्राची दोन खोकी शेजारी शेजारी ठेवलेली होती.

"ही जोडी कशी काय?"

"त्यातलं एक मी केलेलं आहे. चांगलं खोकं उन्हात ठेवलं की विटतं, म्हणून दर्शनी ठेवायला नक्कल करतो. मूळ खोक्याचा फोटो काढायचा, जाड पुठ्ठ्यावर छापायचा, दुमडायचं. रेघ न् रेघ तीच. पण बाजारात त्याला काडीची किंमत नाही."

"आमच्या बाजारात असेल," मावशी म्हणाल्या.

लेकीने चमकून पाहिलं. "आई, नको. बाबांना कळेल."

"कळलं तर ही नेऊ. तोवर हे विकणार नाहीत." त्यांनी गेमवाल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "अगं, पुठ्ठा आज ना उद्या फाटणारच आहे. मी गोंदाने चिकटवून चिकटवून किती दिवस पुरवणार? करून मिळत असेल तर मला दोन-दोन हवीत."

गेमवाला मोठ्याने हसला आणि कामाला लागला. छापायला बराच वेळ गेला. लेकीने घड्या घालायला मदत केली. काचा तपासून तपासून तिचे हात चोख झाले होते. शेवटी गेमवाल्याने खणातून एक पुडी काढली. "ही अस्तरं तुमची. आणि राजकन्येच्या खोक्यात हा एक हुक राहिला होता."

घरी आल्यावर मावशी मागच्या दाराने आत गेल्या. स्वयंपाकघरात बसून दोघींनी नव्या खोक्यांत जुनी अस्तरं घातली. दुमडीवर चार-चार टाके मारले. बरण्या रिकाम्या करून बटणं ज्याच्या त्याच्या घरी गेली. खोक्यांना छापल्याचा नवा वास येत होता, म्हणून लेकीने शिंपीखडूचा तुकडा चुरून थोडा थोडा आत भुरभुरला.

"राक्षसाशेजारी कोण?" ती कुजबुजली.

"लाल गाडी. मग चंद्र. बेडूक नेहमी हाताशी."

त्या पुढच्या खोलीत आल्या तेव्हा मास्तर आणि सिस्टर गप्पांत रंगले होते. मावशींनी एकेक खोकं फळीवर लावलं. आपण काहीच विशेष करत नाही अशा बेताने त्यांनी कोट उचलून मशिनीवर पसरला आणि समोरच्या मशिनीवर बसून कुणाच्या तरी पँटची शिवण उसवायला घेतली.

"मास्तर अजून आले नाहीत," मास्तर सिस्टरला म्हणत होते. "मी तर म्हणतो—"

ते थांबले. त्यांची मान फळीकडे वळली होती. राक्षस, लाल गाडी, चंद्र, राजकन्या. बघता बघता ते उठले, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि खिडकीशी जाऊन आपल्या जागेवर बसले. कोटाची बाही हातात घेतली. चष्मा लावला.

सिस्टर मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती.

"बेडूक दे गं," मास्तर म्हणाले.

मावशी उठणार, तोच लेक पुढे झाली आणि तिने खोकं त्यांच्या हाताशी ठेवलं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. "तू कधी आलीस?"

"परवाच आले, बाबा."

"आईला सांग, चहा टाक म्हणावं. सिस्टर खोळंबल्यात." आणि मग खोकं जवळ ओढत ते सिस्टरला म्हणाले, "तुम्हाला राक्षस नाही लागणार हो."

सिस्टर खळखळून हसली. लेकही हसली आणि हसता हसता तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागली.

मावशींना मात्र, इतका आनंद झालेला असताना, आत कुठेतरी थोडा राग आला. इतक्या वर्षांचा बेडूक. परक्या गेमवाल्याने रात्री तो घरी नेऊन बायकोला दाखवला. आणि ह्या माणसाला नकलेतला फरकही कळू नये?

त्या बघत राहिल्या. मास्तरांनी खोकं उघडलं नव्हतं. डाव्या हाताने धरून उजव्या हाताचा अंगठा त्यांनी कोपऱ्यावर टेकवला होता. कोपरा टोकदार होता, कोरा. अंगठा तिथे थांबला, जरा खाली सरकला, परत वर आला. बेडकाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"मूळ आणायचं का?" लेकीने आईच्या कानाशी विचारलं.

मावशींनी हात हलवून तिला गप्प केलं.

मास्तरांनी अंगठा पुन्हा कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला. नवा कपडा शिवण्याआधी त्याची घडी अंगठ्याने दाबून बसवतात, तसा. एकदा, दोनदा. पुठ्ठा किंचित आत गेला. मग त्यांनी झाकण उचललं, अस्तरावरून बोट फिरवून एक पांढरं बटण काढलं आणि कोटावर धरून सुई टोचली.

"राहू दे तिकडेच," मावशी हळूच म्हणाल्या. "त्या शोधणाऱ्याला मिळू दे."

एक बटण लागलं. मास्तरांनी दोरा दातांनी तोडला आणि दुसऱ्या बटणासाठी खोकं पुन्हा जवळ ओढलं. अंगठा कोपऱ्यावर गेला, आणि या वेळी तो न शोधता गेला.